मुक्काम टेंभुर्णी

टेंभुर्णीला दोन रात्री मुक्काम केला असे कोणाला सांगितले, की तो हमखास विचारतो, "का हो, गाडी बिघडली होती का?" त्याचे तरी काय चुकले? पुण्याहून सोलापूरकडे निघालेला माणूस टेंभुर्णीला थांबतो तो चहापुरता. इंदापूर मागे पडते, भीमेचा पूल ओलांडला की भीमानगर येते, उजनी धरणाची लांबलचक भिंत दिसते, आणि "आता जरा पाय मोकळे करू" असे गाडीतले कोणीतरी म्हणेपर्यंत टेंभुर्णी आलेली असते. पुण्यापासून सुमारे १६५ किलोमीटर झालेले असतात. उजव्या हाताला पंढरपूरचा रस्ता फुटतो, डावीकडे कुर्डुवाडीचा, आणि समोरचा हमरस्ता सोलापूर, हैदराबाद करीत थेट मच्छलीपट्टणच्या समुद्राला जाऊन मिळतो. असे हे सगळ्यांच्या वाटेवरचे गाव. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्या झाडाचे नाव मिरवणारे. मुक्कामाचे गाव म्हणून मात्र त्याचे नाव कोणी घेत नाही.

आम्ही घेतले, त्याला कारण आमची आई.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले होते. काठी घेऊन ती घरात हिंडू लागली होती, पण तीन-चार तास एका जागी बसणे तिला जमत नसे आणि परक्या ठिकाणच्या न्हाणीघराची तर तिने धास्तीच घेतली होती. आणि तिला जायचे होते पंढरपूरला, तेही मार्गशीर्षात. मार्गशीर्ष महिनाभर विठोबा देऊळ सोडून चंद्रभागेच्या पात्रातल्या विष्णुपदावर राहायला जातो अशी समजूत आहे. "देव मुक्काम हलवतो, मग मला तेवढे का जमू नये?" असे आईने विचारल्यावर कोणापाशी उत्तर नव्हते.

उत्तर निघाले माझ्या एका मित्रापाशी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान-पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून 'चाकांवरचे घर' हा शब्दप्रयोग आपल्याकडेही ऐकू येऊ लागला आहे. या मित्राने हौसेने असे एक घर करून घेतले आहे. जीपमागे जोडून ओढायचे, चार चाकांचे, आत तीन माणसे आडवी होतील एवढी जागा, छोटा ओटा, शीतकपाट, आणि मुख्य म्हणजे न्हाणीघर. त्याने ते आम्हांला आठ दिवसांसाठी दिले. बरोबर बारा सागवानी फळ्या आणि हाताने लिहिलेला एक कागद दिला. "कागद वाच," तो म्हणाला, "फळ्या मोजून घे, मोजून परत दे."

फळ्या कशासाठी, हे मला वाटेत एका ट्रेलरवाल्याने समजावून दिले. भीमानगरच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. शेजारी लोखंडाच्या कांबी भरलेला लांबच लांब ट्रेलर उभा होता. त्याचा चालक आमच्या घराला प्रदक्षिणा घालून आला आणि वाकून जोड पाहू लागला. या लोकांच्या भाषेत पुढच्या ओढणाऱ्या गाडीला 'घोडा' म्हणतात. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी ताटली असते, ट्रेलरच्या पोटाखालचा खुंटा तिच्या खाचेत अडकतो आणि त्या खुंट्याभोवती सगळा डोलारा वळतो. इंग्रजीत त्या ताटलीला म्हणतात 'पाचवे चाक'. हे नाव घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळचे आहे. बग्गीला जमिनीवर फिरणारी चाके चार, आणि पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवे बसवलेले कडे हे पाचवे. अमेरिकेत याच पद्धतीची भलीमोठी घरे असतात. पिकअप गाडीच्या हौद्यात ताटली बसवून तिच्यावर घराचे नाक टेकवतात आणि मुलुखभर हिंडतात. आमचे घर त्या मानाने चिमुकले, मागच्या गोळ्याला अडकवलेले.

"सोडताना जपा," तो चालक म्हणाला. "आमचा घोडा सोडायच्या आधी ट्रेलरचे पुढचे पाय खाली उतरवतो, पायांखाली फळ्या घालतो. एकदा घाई केली. मऊ जमीन होती, पाय रुतले, नाक खाली गेलं. मग घोडा परत खाली शिरेल कसा? सहा तास क्रेनची वाट बघत बसलो."

मी मान डोलावली. मान डोलावणे फार सोपे असते.

पंढरपूरच्या गल्ल्यांतून हे धूड नेण्यात अर्थ नव्हता. टेंभुर्णीला माझ्या मावसबहिणीचे सासर आहे, गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर शेत आहे. घर तिथे उभे करायचे आणि सकाळी नुसती जीप घेऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पंढरपूर गाठायचे असा बेत होता. दाजी वाटेवरच उभे होते.

टेंभुर्णीचा परिसर ज्याने हमरस्त्यावरून पाहिला आहे त्याला वाटेल, सगळे सपाट आहे. मलाही तसेच वाटत असे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, त्यात ११७ टीएमसी पाणी मावू लागले आणि या कोरडवाहू मुलखात नजर जाईल तिकडे ऊस उभा राहिला. उसाच्या हिरव्या शेंड्यांची रेघ सरळ दिसते, म्हणून जमीनही सरळ वाटते. जमीन सरळ नसते. पाणी ज्याला पाजायचे असते त्या शेतकऱ्याला हे ठाऊक असते. सरीतले पाणी कुठे धावते आणि कुठे रेंगाळते हे तो अंधारातसुद्धा सांगू शकतो.

दाजींनी विहिरीजवळची मुरमाड जागा दाखवली. मला ती आवडली नाही. तिथे डिझेलचे डबे, तुटका नांगर, दोन टायरगाड्या असा पसारा होता. मी बोट दाखवले उसाच्या कडेच्या मोकळ्या पट्टीकडे. समोर हिरवागार फड, पलीकडे सूर्यास्त. "पाव्हणं, हितं काळं रान हाय," दाजी म्हणाले. पण पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही ही त्यांच्याकडची रीत, ते पुढे काही बोलले नाहीत.

मग मित्राचा कागद काढला. त्यातले शास्त्र मोठे गमतीचे आहे. फिरते घर सपाट करायचे ते दोन वेळा: आधी आडवे, मग उभे. आडवे म्हणजे डावे-उजवे. हे काम गाडी जोडलेली असतानाच करायचे, कारण त्यासाठी चाकेच वर चढवावी लागतात. खालच्या बाजूच्या चाकांपुढे फळ्या मांडायच्या आणि जीपने हळूच ओढून चाके त्यांवर घ्यायची. एका बाजूला दोन चाके असली तर दोन्ही सारखीच चढली पाहिजेत, नाहीतर सगळा भार एका टायरवर येतो. मग सर्व चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे. दगड लावल्याशिवाय जीप सोडायची नाही, हे वाक्य त्याने दोनदा अधोरेखित केले होते. जीप सोडल्यावर नाकाखालचे लहान चाक वरखाली करून पुढची-मागची पातळी साधायची. चार कोपऱ्यांचे चार पाय उतरवायचे ते अगदी शेवटी, आणि तेही घर हलू नये एवढ्यापुरते. पाय म्हणजे जॅक नव्हे. त्यांनी घर उचलू नये.

आमची डावी बाजू चार बोटे खाली होती. दोन फळ्यांच्या थराने ती वर आली. नाक खालीवर करून काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला. आमच्या सौ. आतून "आणखी थोडे, आणखी थोडे" असे सांगत होत्या. शेवटी कोपऱ्यांचे पाय उतरवले. मागच्या उजव्या कोपऱ्याला जरा झोल वाटत होता, म्हणून मी त्या पायाला चार-पाच आटे जास्त दिले. घर किंचित उचलले गेले, डुगडुग थांबली. मला फार समाधान वाटले. कागदावरचे शेवटचे वाक्य मी वाचले होते, नाही असे नाही.

पातळीचा एवढा अट्टाहास कशासाठी, असे कोणी विचारील. एक तर आईचा पाय. जमीन तिरपी असली की धडधाकट माणूस न कळत सावरतो. नवा सांधा बसवलेल्या म्हातारीला ते सावरणे जमत नाही. दुसरे कारण शीतकपाट. ते गॅसवर चालणारे आहे. त्यात पंप नाही. अमोनिया आणि पाणी आचेने वर चढतात आणि आपल्या वजनाने उतरत उतरत परत येतात. घर तिरपे असले की उतरणारे पाणी वाटेत अडते आणि कपाट गार होणे थांबते. आईच्या इन्सुलिनच्या कुप्या त्यात होत्या.

ती संध्याकाळ मात्र सुरेख गेली. मावसबहिणीने शेंगाचटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी पाठवल्या. विहिरीपलीकडे ऊसतोडीच्या टोळीचा तळ पडला होता. पाचट आणि बांबूच्या तट्ट्यांच्या दहा-बारा कोप्या, समोर बैल, चुलींचा धूर. बीडकडची माणसे. दिवाळी झाली की येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. या धंद्यात 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांना म्हणतात 'उचल', आणि हंगामभर ती उचल फेडायची असते. तोडलेला ऊस पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्याकडे आणि आसपासच्या इतर कारखान्यांकडे जातो. रात्री उशिरापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हमरस्त्यावर गाणी लावून जात होते. आई, सौ. आणि आमची मुलगी आत निजल्या. मी बाहेर बाजेवर पडलो. मार्गशीर्षातली थंडी, वर चांदणे, उशाला उसाची सळसळ. मध्यरात्रीनंतर केव्हातरी पाण्याचा आवाज कानावर आला आणि मला वाटले, वा, काय शांत खळखळ आहे!

शेतीची वीज पाळीने येते आणि त्या आठवड्यात शेजारच्या शेताची पाळी रात्रीची होती, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी तरी कुठे विचारले होते? शेजाऱ्याने मोटार चालू केली, पाणी पाटातून सरीत धावले, एक दंड फुटला आणि ते पाणी आमच्या पट्टीच्या खालच्या अंगाला, म्हणजे बरोबर डाव्या चाकांखाली, येऊन बसले.

तीनच्या सुमारास आईच्या हाकेने जागा झालो. "अरे, माझे डोके खाली चालले आहे." आईने उशाशी पाण्याचे फुलपात्र ठेवले होते. सौ.नी बॅटरी लावून पाहिले, तो एका काठाला पाणी सांडायला टेकलेले आणि दुसऱ्या काठाला दोन बोटे उतरलेले. मी बाजेवरून पाय खाली ठेवला तो चिखलात. काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते आणि पाणी प्यायली की लोण्यासारखी होते. डावी चाके फळ्यांसकट रुतत चालली होती. नाकाखालचे चाक तर निम्मे दिसेनासे झाले होते. आतून सौ.नी दार उघडायला पाहिले. उघडेना. बाहेरून मी ओढले. उघडेना. आत कुठेतरी करकर वाजत होते. मुलगी रडू लागली.

मी सुचेल ते करू लागलो. डावीकडचा पुढचा पाय आणखी खाली उतरवून घर वर ढकलू पाहिले. पाय फळीसकट आणखी आत गेला. एवढ्यात विहिरीकडून कंदिलासारखा एक दिवा हलत आला. तोडणीची माणसे पहाटे तीनलाच उठतात. एक गाडीवान आणि त्याची बायको बैल जुंपायच्या तयारीत होती, ती रडणे ऐकून धावली होती.

त्याने मला एवढेच विचारले, "आत कोण हाय?" मी सांगितले. त्याने पहिल्यांदा घराला हातच लावला नाही. बायकोला म्हणाला, "पाणी तोड." तिने फावड्याने दोन ढेकळे आणि पाचटाचा एक भारा टाकून फुटलेला दंड बांधला. तोवर त्याने चाकांमागचे दगड एकेक करून चाचपले. एक दगड चिखलात बुडाला होता, त्याच्या जागी दुसरा आणून ठोकला. मग तो मागच्या उजव्या कोपऱ्याशी गेला. मी ज्याला जास्त आटे दिले होते, तोच पाय.

"ह्यो एकटाच तटून बसलाय," तो म्हणाला. "पेटी पिळली गेली म्हणून दार धरतंय. ह्यो सोडा."

मी घाबरलो. घर तिरपे झालेले असताना आधार काढायचा? पण तो बैलगाडीचा माणूस होता. आयुष्यभर त्याने दोन चाकांवरची भरली गाडी टेकूवर उभी केली होती. मी हँडल फिरवले. घर एक मोठा सुस्कारा टाकल्यासारखे डावीकडे बसले. अजून तिरपेच होते, पण सगळे एका सुतात तिरपे होते. त्याने दाराला खांदा दिला आणि दार उघडले.

आईला त्या दोघांनी मिळून उतरवले. पायरी कलली होती म्हणून त्या बाईने आपला गुडघा पुढे केला. "माज्या मांडीवर पाय ठिवा, आज्जी." आईने आयुष्यात परक्या माणसाला पाय लावला नसेल. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पाय ठेवला.

उजाडेपर्यंत आई त्यांच्या कोपीसमोर चुलीपाशी बसून होती. ती दोघे मात्र थांबली नाहीत. त्यांना फडावर पोचायचे होते. चुलीपाशी त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी राहिली होती. तिनेच आईला गुळाचा कोरा चहा दिला. मी हात शेकत होतो तेव्हा आई हळूच म्हणाली, "आत बघ." मी कोपीत डोकावलो. ही जागादेखील विहिरीच्या उतारावरच होती. पण वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला घातली होती, तिच्यावर मुरूम चोपला होता, शेणाने सारवले होते आणि खालच्या कडेला दगडांची ओळ लावून ती माती अडवली होती. कोपीभोवती पाणी जायला वीतभर चर होता. जमीन अशी सपाट की पितळेचा डबा, कळशी, देवाची तसबीर सगळे काटेकोर उभे. नोव्हेंबरात आल्या दिवशी, संध्याकाळच्या एका तासात हे केलेले. पुढच्या गावी पुन्हा करायचे.

"तुझ्यासारखे घर उचलत बसले नाहीत," आई म्हणाली. ती रागावली नव्हती. एवढे मात्र तिने म्हटले.

सकाळी दाजी आले. त्यांनी एक शब्दही ऐकवला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले. ट्रॅक्टर लावून घर चिखलातून काढले आणि त्या डिझेलच्या डब्यांच्या, तुटक्या नांगराच्या मुरमाड जागेत नेले. टायरगाड्या तिथेच का उभ्या असतात हे आता कळले. काचेच्या नळीवरचा माझा विश्वास उडालेला पाहून दाजींनी घरबांधणीच्या वेळची गवंड्याची पारदर्शक नळी आणली. दहा-बारा हात लांब. तिच्यात पाणी भरायचे, मध्ये हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि नेताना दोन्ही तोंडांवर अंगठा ठेवायचा. मग एक तोंड घराच्या उजव्या कडेला धरायचे, दुसरे डाव्या. अंगठे काढले की दोन्हीकडचे पाणी आपोआप एका पातळीला येऊन थांबते. गावोगावची घरे याच नळीने उठली आहेत. मुरमावर आम्हांला फक्त एकच फळी लागली, तीही निम्मी. चारही पाय मी बोटांच्या जोराने टेकवले, मनगटाच्या नव्हे. आईने आपले फुलपात्र ओट्यावर ठेवून पाहिले आणि मान हलवली. कुप्या रात्रभर दाजींच्या घरच्या कपाटात ठेवल्या असत्या तर बरे झाले असते, असे सौ. म्हणाल्या, त्यांचे म्हणणे खरे होते, पण कुप्या अजून गार होत्या.

दुपारी पंढरपूरला गेलो. गोपाळपुराच्या वाटेवर, नदीच्या पात्रात विष्णुपद आहे. दगडावर कृष्णाची पावले आणि गाईंचे खूर उमटले आहेत अशी श्रद्धा आहे. मार्गशीर्षात इथे घरोघरचे डबे येतात, माणसे वाळवंटात पंगती धरून जेवतात. आई एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने नातीचा खांदा धरून सावकाश गेली. खडकाची जमीन खडबडीत, उंचसखल, पण पक्की. तिथे तिला कोणाचा हात लागला नाही. आम्हीही डबा सोडला. भाकरी आदल्या दिवशीचीच होती.

दुसरी रात्र मी आत निजलो, सौ. आणि मुलगी दाजींकडे गेल्या. पाणी त्या रात्रीही सुटले होते. मला आवाज येत होता, पण झोप लागली.

निघायच्या सकाळी पाहतो तो विहिरीपलीकडचा तळ उठत होता. मुकादमाचा निरोप आला होता, टोळी पुढच्या गावी चालली होती. तट्टे गुंडाळून गाड्यांवर चढले होते, कोंबड्या डालग्यात गेल्या होत्या. आईने गाडीवानाच्या बायकोला लुगडे देऊ केले. तिने ते घेतले, डोळ्यांना लावले आणि मग आमच्या घराखालून काढलेल्या फळ्यांच्या चवडीकडे बघत राहिली. आईने विचारल्यावर म्हणाली, "ह्या दोन मिळाल्या तर बरं. पाण्याचा हंडा ठिवायला. हर जागी दगुड हुडकीत बसावं लागतं." मी काही बोलायच्या आत आईने काठीने दोन फळ्या बाजूला सारल्या.

पुण्याला मित्राने घर ताब्यात घेताना फळ्या मोजल्या, दोनदा मोजल्या. दहा भरल्या.

"दोन कुठे आहेत?"

"टेंभुर्णीला असतील," मी म्हणालो. "निदान परवापर्यंत तरी होत्या."

त्याने दोन फळ्यांचे पैसे माझ्याकडून घेतले.